जेवायला कोण कोण आहे?

मागच्या अंकात आम्ही एकच प्रश्न छापला होता, काल रात्री तुम्ही कुणाबरोबर जेवलात? पत्रं आली, व्हॉट्सॲप आले, तीन-तीन मिनिटांच्या व्हॉइस नोट आल्या, काही जणांनी तर ताटांचे फोटो पाठवले. सगळं छापणं शक्य नाही म्हणून सहा पत्रं निवडलीत, जरा छोटी केलीत आणि नावं काढलीत. उत्तरं मात्र छोटी करता आली नाहीत, निदान काहींची तरी.

आमच्या घरात पाच माणसं. सासूबाई साडेसातला जेवतात, मुलगा क्लासवरून आला की साडेआठला, मिस्टर दहाला, मुलगी ताट घेऊन तिच्या खोलीत जाते आणि रील्स बघत जेवते, मी मधेच कधीतरी ओट्यापाशी. भांडण वगैरे काही नाही, सगळं छान चाललंय. बहीण सारखी म्हणते की एकत्र जेवत जा, मुलांवर चांगला परिणाम होतो. खरंच इतका फरक पडतो का? का उगाच अजून एक काम डोक्यावर घेऊ? (नाशिक)

ताई, आधी एक आकडा सांगते. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक पक्कं बसलंय की एकत्र जेवणं ही आपली पद्धत आणि एकटं जेवणं तिकडचं, परदेशातलं. २०२५ च्या वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्टमध्ये यावर एक आख्खं प्रकरण आहे. गॅलप या जगभर पाहण्या करणाऱ्या संस्थेने १४० च्या वर देशांत लोकांना विचारलं की गेल्या सात दिवसांत दुपारची आणि रात्रीची मिळून जी १४ जेवणं झाली त्यातली किती ओळखीच्या माणसासोबत झाली. लॅटिन अमेरिकेत उत्तर आलं साधारण नऊ. सेनेगलसारख्या देशात जवळजवळ बारा. आणि आपला दक्षिण आशिया, म्हणजे आपण, बांगलादेश, नेपाळ वगैरे, तर चारपेक्षाही कमी, सगळ्या जगात तळाशी! घरं भरलेली आणि जेवायला माणूस एकटा. लोकल, शिफ्ट, क्लास, डबा ही कारणं असणारच, पण मला विचाराल तर अजून एक मोठं कारण आहे, ते पुढच्या एका पत्रात येतंय.

त्याच रिपोर्टमध्ये असंही दिसलं की जे जास्त जेवणं दुसऱ्यांसोबत करतात ते स्वतःच्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी असतात, आणि हा फरक बारीकसारीक नाहीये, पगार किती आहे किंवा हाताला काम आहे की नाही यामुळे जेवढा फरक पडतो त्याच्या जवळपास जातो. आता यावरून लगेच मुलांना हाका मारू नका, कारण समाधानी माणसं एकत्र जेवतात की एकत्र जेवल्यामुळे समाधानी होतात हे अशा पाहणीतून नक्की ठरत नाही. अमेरिकेत केली म्युझिक आणि ॲन मायर या दोघी समाजशास्त्रज्ञांनी किशोरवयीन मुलांच्या माहितीवर याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना दिसलं की एकत्र जेवणाचा जो फायदा सांगतात त्यातला बराचसा मुळात घरातल्या नात्यांचा असतो, नातं बरं असेल तर जेवणाचा उपयोग होतो आणि घरात धुसफूस असेल तर नुसतं टेबलाशी बसवून काही होत नाही. मला हे फार पटतं. ताटावर बसल्या बसल्या ज्या घरात मार्कांची चौकशी सुरू होते त्या घरातल्या मुलाने ताट उचलून खोलीत का जाऊ नये? मार्क, फी, कुणाचं लग्न ठरलं नि कुणाचं मोडलं, हे विषय जेवताना नकोतच.

तुमच्या घरी धुसफूस नाहीये असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे तुमच्याकडे निम्मं काम आधीच झालंय. आणि एक फायदा असा आहे की तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही, तो म्हणजे भाषा. हार्वर्डच्या कॅथरीन स्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या घरातल्या जेवणाच्या वेळच्या गप्पा रेकॉर्ड करून तपासल्या. मुलं ताटावर जे ऐकतात त्यात रोजच्या 'हे घे, ते ठेव' च्या पलीकडचे शब्द खूप असतात कारण मोठी माणसं तिथे एकमेकांना काहीतरी सांगत असतात, समजावत असतात, आणि ज्या घरात असं बोलणं जास्त त्या मुलांचा शब्दसाठा पुढे जाऊन मोठा निघाला. तुमच्या घरात तर सासूबाई आहेत! त्या साडेसातला एकट्या जेवतात म्हणजे त्यांच्याकडचं आख्खं मराठी, म्हणी, गावाकडच्या गोष्टी, कुणाच्या वाड्यात काय झालं होतं ते, सगळं रोज न सांगता झोपायला जातंय. अमेरिकेत राहणाऱ्या दोन वाचक बहिणींनी कळवलंय की त्यांची मुलं शाळेत दिवसभर इंग्लिश बोलतात आणि मराठी फक्त रात्रीच्या जेवणावर टिकून आहे. नाशिकला वेगळं काय चाललंय, सांगा बरं.

रोज रात्री पाचही जण असा हट्ट धरू नका, दहाला जेवणाऱ्यासाठी आजींनी उपाशी राहायचं का? आधी एकच जेवण पकडा. तुमच्याकडे ते रविवारचं सकाळचं असू शकतं, पोहे-चहाचंसुद्धा, जेवणच पाहिजे असं कुठाय. आणि रोजचं म्हणाल तर साडेसात ते साडेआठच्या मधे कुठेतरी आजी आणि नातू जुळतात का बघा, आजींनी थोडा उशीर केला आणि नातवाने आल्या आल्या हातपाय धुतले तर दोघं जुळतात, मुलगी आपोआप बाहेर येईल असं मी म्हणत नाही पण बाहेर हसण्याचा आवाज आला तर शक्यता वाढते. फोन सगळ्यांचे बाहेर, तुमचाही, मिस्टरांचाही. मुलीला एकटीला फोन ठेव म्हणालात तर तो नियम होत नाही, ती शिक्षा होते. आणि तुम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवणं आजपासून बंद करा, हे पहिलं.

मला शुगर आहे. सगळ्यांबरोबर बसलं की आग्रह होतो आणि दोन घास जास्त जातातच, एकटी जेवले की कंट्रोलमध्ये राहतं. मग मी एकटीच जेवू का? (सांगली)

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. जॉन डी कॅस्ट्रो नावाच्या अमेरिकन संशोधकाने लोकांना रोज काय खाल्लं, कुणासोबत खाल्लं याची डायरी लिहायला लावली होती, आणि त्यात हेच दिसलं की सोबत असली की माणूस जास्त खातो आणि माणसं वाढली तसं खाणंही वाढतं, कारण मुख्यतः जेवण लांबतं. त्यामुळे तुमचं ताट डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं एकदाच वाढून घ्या आणि मग बसा, संपलं तरी बसून राहा, हातात ताकाचा ग्लास असू दे. उठून जाऊ नका एवढंच.

आणि घरातल्या बाकीच्यांना माझ्याकडून सांगा, आग्रह बंद करा. एकेकाळी पाहुणा लाजून अर्धपोटी उठेल अशी भीती असायची, अन्नही मोजकंच असायचं, तेव्हा आग्रहात माया होती आणि तिची गरजही होती. आज घरोघरी गोळ्यांच्या डब्या असताना 'एवढ्याने काय होतंय' म्हणत जिलेबी ताटात टाकणं ही माया नाही. 'हवंय का' असं एकदा विचारा, नाही म्हटलं की नाही.

तुमचा प्रश्न वाचून मला रागच आला. काल रात्री कुणाबरोबर जेवले? कुणाबरोबरच नाही, मी पोळ्या करत होते. सासरे, मिस्टर, दीर आधी बसतात, एकेक गरम पोळी तव्यावरून ताटात जाते, मग मुलं, मग सासूबाई आणि मी, तोवर भाजी तळाला गेलेली असते. एकत्र जेवा एकत्र जेवा म्हणणारे लोक पोळ्या कुणी करायच्या ते का सांगत नाहीत? (सातारा जिल्हा)

ताई, तुमच्या पत्रासाठीच हा अंक काढला असं समजा. वर मी म्हटलं होतं ना एक कारण पुढे येतंय म्हणून, ते हे. आपल्याकडे पुरुष एकत्र जेवतात आणि बायका वाढतात, आणि त्याला आपण सगळं घर एकत्र जेवतं असं म्हणत आलोय. लग्नाच्या पंगतीचे जुने फोटो बघा, पाटावर कोण बसलंय आणि वाकून कोण वाढतंय ते. ज्या जेवणात करणारी माणसं बसलेली नाहीत ते एकत्र जेवण नव्हे, मी तर तसं अजिबात मानत नाही.

आणि हा फक्त मान-अपमानाचा विषय नाही, पोटाचा आहे. सगळ्यात शेवटी जेवणाऱ्याच्या वाट्याला काय येतं ते तुम्ही एका वाक्यात लिहिलंय, भाजी तळाला गेलेली असते. डाळीचं पाणी राहतं, डाळ राहत नाही. अंडी मोजून केलेली असतात. ऐनवेळी कुणी पाहुणा आला तर कमी पडतं ते शेवटच्या ताटात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. त्याची कारणं पुष्कळ आहेत, सगळं शेवटी जेवण्यावर ढकलता येणार नाही हे मान्य, पण ज्या घरात मुळात अन्न बेताचं आहे तिथे कोण आधी जेवतं यावर कुणाच्या अंगात रक्त राहतं हे काही प्रमाणात ठरतंच.

राजस्थानात बांसवाडा आणि सिरोही जिल्ह्यांतल्या आदिवासी गावांमध्ये काही वर्षांपूर्वी एक पोषणाचा प्रकल्प झाला. बचत गटातल्या बायकांना आहाराबद्दल माहिती वगैरे नेहमीचं होतंच, पण त्यात एक वेगळी गोष्ट होती, नवऱ्यांशीसुद्धा बोलणं झालं आणि घरांना सांगितलं गेलं की सगळ्यांनी एका वेळी, एकत्र बसून जेवा. बस्स एवढंच, धान्य वाटलं नाही की पैसे दिले नाहीत. नंतर पाहिलं तर पोटभर आणि नीट जेवण मिळतंय असं सांगणाऱ्या बायकांचं प्रमाण बरंच वाढलं होतं. कसं झालं असेल याचा विचार केला तर लक्षात येतं की सगळं अन्न मधे ठेवलं आणि भोवती सगळे बसले की किती आहे आणि किती जण आहेत हे प्रत्येकाला दिसतं. कितीतरी नवऱ्यांना मागे काय उरतं याचा पत्ताच नसतो, आयुष्यभर नसतो, कारण ते तोवर हात धुवून बाहेर खाटेवर गेलेले असतात. वाईट माणसं असतात असं नाही, त्यांनी ते कधी बघितलेलंच नसतं.

आता पोळ्यांचं. गरम पोळीचा हट्ट हा या सगळ्याच्या मुळाशी आहे, आणि हा हट्ट सोडला तर काही बिघडत नाही असं मी अगदी जबाबदारीने सांगते. कणीक थोडी सैल भिजवा, तेलाचा हात लावून अर्धा तास झाकून ठेवा, पोळ्या झाल्या की सुती कापड घातलेल्या डब्यात एकावर एक, वरून कापडाची टोकं दुमडून झाकण, तास-दीड तास मऊसूत राहतात. भाकरी असेल तर टोपलीत उभ्या लावून ठेवा, वाफ धरत नाही. सोलापूरकडे कडक भाकरी दिवसचे दिवस खातात आणि चवीने खातात, तिथे कुणाला गरम पाहिजे म्हणून तव्याशी उभं राहावं लागत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पोळीच नको, वरणफळं करा, मुगाची खिचडी नि कढी करा, पिठलं-भात करा, एक भांडं मधे आलं की झालं. बसायच्या आधी पाणी, मीठ, लोणचं, कांदा, पळ्या, सगळं मधे आणून ठेवा म्हणजे कुणाला उठायला लागणार नाही, आणि उठायला लागलंच तर दर वेळी तुम्हीच उठणार नाही हे आधीच ठरवा, दीर उठू शकतात. ज्याला फुलका तव्यावरचाच लागतो त्याने तो लाटायला शिकावा, माझ्या ओळखीत दोन घरांत हे चालू आहे आणि दोन्ही ठिकाणी महिनाभरात गरम फुलक्याची आवड कमी झाली.

सासरे आणि सासूबाई काय म्हणतील हा खरा प्रश्न आहे, मला कळतं. पहिल्या दिवशी भाषण देऊ नका. सासूबाईंना आधी बसवा. चाळीस-पन्नास वर्षं त्यासुद्धा शेवटीच जेवल्यात, 'आई, आज तुम्ही बाबांच्या बरोबर बसा, मी पण बसते' असं म्हणालात तर नाही म्हणणं सासऱ्यांना अवघड जाईल. आणि मिस्टरांशी एकट्यात बोला, स्पष्ट बोला, की मला तुमच्याबरोबर जेवायचंय. यावर त्यांच्याकडे काय उत्तर आहे ते मला परत लिहून पाठवा, मी वाट बघतेय.

मी लातूरचा, हिंजवडीत जॉबला आहे, फ्लॅटमध्ये आम्ही चौघं. चौघांच्या शिफ्ट वेगळ्या, प्रत्येकजण आपापलं ऑर्डर करतो आणि आपापल्या बेडवर बसून मोबाइल बघत खातो. मी कधी कधी आईला व्हिडिओ कॉल लावून जेवतो. ते पण चालतं ना? (पुणे)

चालतं म्हणजे काय, तो कॉल अजिबात बंद करू नकोस, आईसुद्धा त्या वेळेला ताट घेऊन बसत असेल तर फारच छान. पण कॉलवरची आई तुझ्या ताटात बघून 'आज परत नूडल्स?' एवढंच म्हणू शकते, पुढचं माणूस समोर लागतं.

तुझ्यासारखी एकटी पोरं या राज्यात आजच निर्माण झालेली नाहीत. मुंबईच्या गिरणगावात, लालबाग-परळला, कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो गिरणी कामगार बायकामुलांना गावी ठेवून एकेका खोलीत कितीतरी जण राहायचे, झोपायलासुद्धा पाळ्या, कारण पाळ्या गिरणीच्याच होत्या. पण जेवायला खानावळ होती. कुणीतरी बाई, बऱ्याचदा गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा, स्वतःच्या दहा बाय दहाच्या खोलीत दहा-वीस जणांचं करायची, महिन्याने पैसे घ्यायची, आणि ते लोक तिच्याकडे ओळीने बसून जेवायचे. कोण आजारी आहे, कुणाची गावी मनिऑर्डर गेली नाही, कोण दोन दिवस जेवायला आला नाही हे तिला कळायचं. याच बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या आणि त्या पंगतीही उठल्या. दोन दिवस तू जेवला नाहीस तर तुझ्या ॲपला ते कळणार आहे का, याचा विचार कर.

आता तुझं काय करायचं. तुमच्या परिसरात मेस असतीलच, डबा घरी पोचवणारी नको, बसून जेवायची मेस शोध, आणि शक्यतो रोज एकाच वेळेला जा. ओळख अशीच होते, पहिल्या आठवड्यात कुणी बोलत नाही, तिसऱ्यात कुणीतरी मीठ मागतं. आणि फ्लॅटमध्ये चौघांचा सामाईक असा एक तरी वार असेलच, त्या दिवशी ऑर्डर बंद, चौघांनी मिळून काहीतरी करायचं, खिचडी जमली तरी पुष्कळ, लातूरचं येसर आईकडून मागवून घे आणि एकदा त्याची आमटी करून घाल त्यांना. जमिनीवर पेपर पसरून बसा. बेडवर नाही.

वय ७४. दीड वर्षापूर्वी सौ. गेली. मुलगा बंगलोरला. डबा लावलाय, चांगला असतो, पण ताट वाढून घेतलं की दोन घासांवर जात नाही. शेजारी बोलावतात, पण रोज कुणाच्या दारात जाणं बरं दिसत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, काल मी टीव्हीसोबत जेवलो. (डोंबिवली)

काका, तुमचं पत्र मी बऱ्याच वेळा वाचलं. घास जात नाही याचं खापर डब्यावर फोडू नका आणि स्वतःवरही नको. वजन कमी होत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, ते टाळू नका, आणि मन उदास राहतंय हेही त्यांना मोकळेपणाने सांगा.

जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची संख्या खूप, त्यामुळे त्यांनी या विषयाचा बराच अभ्यास केलाय. ६५ च्या वरच्या हजारो लोकांना काही वर्षं सलग पाहिलं तेव्हा दिसलं की एकटे राहणाऱ्या पुरुषांमध्ये जे एकटेच जेवतात त्यांना नैराश्याचा धोका कुणासोबत जेवणाऱ्यांपेक्षा बराच जास्त. दुसऱ्या एका अभ्यासात तर असं निघालं की माणसांच्या घरात राहूनही एकटे जेवणारे म्हातारे पुरुष लवकर जातात. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये, तुमच्या मुलासाठी आणि हे वाचणाऱ्या सगळ्या मुला-सुनांसाठी सांगतेय, की बाबांची जेवणाची सोय केली म्हणजे डबा लावला असं होत नाही.

तिथेच एक फार चांगली गोष्टही घडली. २०१२ मध्ये टोकियोच्या ओता भागात भाजीचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंना कळलं की जवळच्या शाळेतलं एक मूल घरी आई आजारी असल्यामुळे एका केळ्यावर दिवस काढतंय. त्यांनी दुकानातच मुलांसाठी स्वस्तात जेवण सुरू केलं, एकट्या मुलाने बिनधास्त यावं आणि बसून जेवावं. त्याला मुलांची खानावळ असं म्हणायला लागले आणि आता त्या देशात अशा दहा हजारांच्या वर जागा आहेत, आणि तिथे मुलांबरोबर परिसरातली एकटी म्हातारी माणसंसुद्धा येतात, कुणी भाज्या चिरायला, कुणी वाढायला, कुणी नुसतं जेवायला.

कुणाच्या दारात जाणं बरं दिसत नाही ही तुमची अडचण अगदी खरी आहे, आपल्या पिढ्यांच्या पिढ्या कुणाचं मिंधं राहू नये म्हणून उपाशी झोपल्यात. म्हणून आपापला डबा घेऊन यायचं. तुमच्या बिल्डिंगमध्ये, ज्येष्ठ नागरिक संघात, सकाळी फिरायला भेटतात त्यांच्यात, तुमच्यासारखेच डब्यावर असलेले दोघं-तिघं नक्की निघतील. मंगळवार-शुक्रवार दुपारी साडेबाराला सगळ्यांनी डबे घेऊन तुमच्याकडे यायचं, तुम्ही फक्त ताटं मांडायची आणि एखादी गोष्ट तुमच्याकडची, ताक असेल, कोशिंबीर असेल, काकडी चिरून मीठ लावलंत तरी पुरे. अशाने उपकार कुणाचेच होत नाहीत. आणि शेजारी बोलावतात तेव्हा महिन्यातून एक-दोनदा जा, त्यांच्या लहान मुलांना तुमच्याकडे पाठवा म्हणावं. कार्तिकात आवळीभोजन निघालं तर चुकवू नका, हिवाळ्यात कुणी हुरड्याला चला म्हणालं तर जा.

काकूंच्या जागी कुणी बसणार नाही, तसं मी म्हणतही नाहीये. पण समोर कुणीतरी जेवत असलं की आपला हात आपोआप ताटाकडे जातो. दोन महिन्यांनी मला कळवा.

आमच्या ऑफिसात आम्ही सात जणी दुपारी दोन टेबलं जोडून डबे उघडतो, सगळ्यांचं सगळ्यांना. मध्यंतरी एक नवी मुलगी जॉइन झाली. आमच्यातल्या एक सीनियर मॅडम तिच्या डब्यातलं घेत नाहीत, साधी भेंडी असली तरी, आज उपास आहे, पोट बिघडलंय अशी कारणं सांगतात. आडनाव कळल्यापासून हे सुरू झालं असं मला वाटतं. आता ती मुलगी डेस्कवरच जेवते. मला झोप लागत नाही, मी काय करू? (ठाणे)

तुम्हाला जे वाटतंय ते बहुतेक बरोबरच आहे, आणि झोप लागत नाही हे चांगलं लक्षण आहे.

कुणाच्या हातचं खायचं आणि कुणासोबत बसायचं यावरूनच तर आपल्याकडे माणसांची उतरंड लावली गेली, त्यामुळे ती मोडायला निघालेल्यांनीही सुरुवात ताटापासूनच केली. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग वगैरे मंडळींनी परमहंस सभा काढली ती गुप्त, कारण तिथे सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागायचा. १८६० च्या सुमाराला सभासदांची यादी फुटली आणि बाहेर कळेल या भीतीने सभाच मोडली. एका पावासाठी! १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे, गोखले अशी मोठमोठी मंडळी व्याख्यानाला गेली होती, तिथे चहा-बिस्किटं पुढे आली, कुणी चहा घेतला, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशींनी नावं पेपरात छापून आणली आणि पुण्यात जे ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं भांडण, पेटलं ते शंकराचार्यांपर्यंत गेलं, बऱ्याच जणांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं.

आणि दुसरीकडे कोल्हापूर. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळेंना हॉटेल काढायला मदत केली. दलित माणसाच्या हातचा चहा गावात कोण पिणार, तर महाराज स्वतः गाडी हॉटेलसमोर थांबवायचे, चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही घ्यायला लावायचे. त्यांनी समतेवर व्याख्यान दिलं असतं तर लोकांनी ऐकून सोडून दिलं असतं. रस्त्यात सगळ्यांदेखत कप हातात घेतला म्हणून ते कोल्हापूर विसरलं नाही.

तुमचं टेबल तेवढंच सार्वजनिक आहे. त्यामुळे उद्यापासून एक करा, तिला सगळ्यांसमोर बोलावून 'ये गं, आमच्यात बस' असं म्हणू नका, त्यात तिला परत उपकार वाटतील. तुमचा डबा उचलून तिच्या डेस्कवर जा. एक दिवस, दोन दिवस. तिला 'का येत नाहीस' असं विचारू नका, तिला माहितीये आणि तुम्हालाही माहितीये. तिच्या डब्यातलं मागून घ्या, तुमचं तिला द्या, बाकीच्या पाच जणींतली अजून एखादी तुमच्यासोबत उठून येईलच, आणि न आली तरी तुम्ही दोघी आहात. मग ती आपणहून म्हणाली तर दोघी मिळून टेबलावर जा.

मॅडमशी मात्र एकट्यात आणि स्पष्ट बोला. त्या म्हणतील गैरसमज झालाय, माझं पोट खरंच बिघडलं होतं. ठीक आहे म्हणा, मग उद्या घ्या. त्यानंतरही त्यांना घ्यायचं नसेल तर त्यांचा डबा त्यांनी वेगळा खावा, त्यांच्या घशाखाली कुणी घास ढकलू शकत नाही, पण त्यांच्यासाठी टेबलावरून दुसरं कुणी उठणार नाही हे त्यांना तुमच्या तोंडून कळायला पाहिजे.

एकत्र डबे खाल्ले की जात गेली असं समजून मात्र गाफील राहू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच लिहून ठेवलंय की नुसत्या सहभोजनांनी जातीची भावना मेलेली नाही, त्याला आंतरजातीय लग्नंच लागतील. म्हणजे टेबलावर हसून खेळून जेवणाऱ्या त्याच सात जणी प्रमोशनच्या वेळी, पिकनिकच्या यादीत, मुलीच्या साखरपुड्याच्या आमंत्रणात काय करतात तेही बघा, तुमच्यासकट.

आणि मॅडमचं वागणं असंच चालू राहिलं, किंवा कामातही त्रास द्यायला लागल्या, तर एचआरकडे जायचं की नाही हे त्या मुलीला ठरवू द्या. ती जायचं म्हणाली तर साक्षीला तुम्ही उभ्या राहा, तारखा आणि काय बोलणं झालं ते आत्तापासून लिहून ठेवा. नको म्हणाली तर तिच्यामागे लागू नका, डेस्कवर डबा घेऊन जाणं तेवढं चालू ठेवा.